कायद्यात आजार, पॉलिसीत पाप

दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय भाषांतरकाराला धंद्यानेच लागते. एक मूळ, दुसरं आपलं. पण कधी कधी दोन्ही वाक्यं मूळच असतात, दोन्ही याच देशात लागू असतात आणि तरी ती एकमेकांना खोटं पाडत असतात. अशी दोन वाक्यं इथे मांडते.

पहिलं आहे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं. कलम २१(४) चा आशय असा, की शारीरिक आजाराच्या उपचारांसाठी ज्या धर्तीवर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच धर्तीवर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारांसाठीही तरतूद करावी. मानसिक आजार कशाला म्हणायचं, हे त्याच कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, स्मृती यांतला गंभीर बिघाड, असं सांगत ती व्याख्या पुढे स्पष्ट म्हणते की दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही यात मोडतात.

दुसरं आहे आरोग्य विम्याच्या पॉलिसीतलं. घरातली पॉलिसी काढा आणि काय काय मिळणार नाही त्याची यादी उघडा. बहुतेक पॉलिसींत बाराव्या क्रमांकाचा ठरलेला कोड सापडेल, 'एक्सक्लुजन १२'. दारूचं व्यसन, अमली वा अन्य पदार्थांचा गैरवापर किंवा व्यसनाची कोणतीही अवस्था यांवरचे उपचार, 'आणि त्यांचे परिणाम', यांचा खर्च मिळणार नाही.

हे कलम कुणा एका लबाड कंपनीने घुसडलेलं नाही. त्याची शब्दरचना खुद्द विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २७ सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरवून दिली. गंमत अशी की ज्या गोष्टी पॉलिसीतून वगळताच येणार नाहीत, त्यांची यादीही त्याच सूचनांत आहे आणि त्या यादीत मानसिक आजार आहे. म्हणजे मानसिक आजार वगळू नका, पण संसदेने ज्याला मानसिक आजारात धरलं ते व्यसन खुशाल वगळा. एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीने विकलीच पाहिजे अशी 'आरोग्य संजीवनी' ही नमुना पॉलिसी नियामकाने आखली. तिच्यातही बारावं कलम आहेच.

कायद्याने जे एका हाताने दिलं, ते नियमावलीने दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असं माझं म्हणणं आहे. ही मेख निघाली पाहिजे. तिच्यामुळे पैसे बुडतात हे तर खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे ती आजाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना डॉक्टरांशी खोटं बोलायला शिकवते.

जानेवारी २०२४ पासून पॉलिसीबरोबर ग्राहकासाठी सोप्या भाषेतलं माहितीपत्रक देणं कंपन्यांना बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितलं तर ते त्याच्या भाषेत द्यावं लागतं. त्यामुळे माझ्यासारख्या भाषांतरकारांकडे हे काम येऊ लागलं. कादंबऱ्यांच्या भाषांतरावर चूल पेटत नाही, तेव्हा मीही ते करते. बाराव्या कलमाशी पोचले की दर वेळी हात थबकतो. 'अब्यूज' ला 'गैरवापर' म्हणायचं, की 'अतिसेवन'? 'अ‍ॅडिक्टिव्ह कंडिशन' ला 'व्यसनाधीनता' म्हणायचं? तसं म्हटलं तर आजाराची अवस्था वाक्यातून निसटते आणि माणसाचा दुर्गुण तेवढा उरतो. पण खरी धोंड शेवटच्या तीन शब्दांत आहे: 'अँड कॉन्सिक्वेन्सेस देअरऑफ'. मराठीत 'आणि त्यांचे परिणाम'. कोणाचे परिणाम, किती दूरचे, ते कोणी ठरवायचे, याबद्दल मूळ मजकूर चूप आहे. भाषांतरात मी ते स्पष्ट करू शकत नाही, कारण करारात नसलेलं घालायचा मला अधिकार नाही.

या तीन शब्दांनी काय काय गिळलं जातं पाहा. यकृताचा सिरॉसिस, स्वादुपिंडाचा दाह, रक्ताची उलटी, नशेत पडून मोडलेलं हाड. सिरॉसिस हिपॅटायटिस बी आणि सी मुळे होतो, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणाऱ्या फॅटी लिव्हरमुळेही होतो. पण केसपेपरवर दाखल करून घेणाऱ्या शिकाऊ डॉक्टरने 'कधीमधी दारू घेतात' एवढं लिहिलं, की दावा तपासणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. तंबाखूचंही तेच. २०२१ मध्ये अहमदाबादच्या ग्राहक आयोगापुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचं एक प्रकरण आलं. कागदपत्रांत धूम्रपानाचा उल्लेख आहे म्हणून कंपनीने पैसे नाकारले होते. आयोगाने विचारलं, न ओढणाऱ्यांना हा कर्करोग होत नाही का? नुसता उल्लेख म्हणजे पुरावा नव्हे. कंपनीला पैसे द्यावे लागले. पण आयोगापर्यंत पोचायला माणसाकडे वेळ लागतो, वकील लागतो आणि मुळात तो माणूस जिवंत असावा लागतो.

माझ्या नात्यातलंच सांगते. इंदूरला असणारा माझा एक चुलतभाऊ, वय चव्वेचाळीस, कारखान्यात हिशेबनीस. पंधरा-सोळा वर्षं रोज पिणारा. मुलगी दहावीला बसली तेव्हा तिच्यासाठी त्याने एका रात्रीत दारू सोडली. कुणाला विचारलं नाही, कुठल्या केंद्रात गेला नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले, मग फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर दोन-चार दिवसांत असा वाताचा झटका येऊ शकतो आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जातो, हे वैद्यकशास्त्राला फार जुनं माहीत आहे. तो अतिदक्षता विभागात पाच दिवस होता. डॉक्टरांनी कागदावर खरं तेच निदान लिहिलं. कंपनीच्या गटविम्याने कॅशलेस नाकारलं. कारण, बारावं कलम. तीन दिवस थेंबभरही न प्यालेल्या माणसाला दारूच्या व्यसनाखाली नाकारलं गेलं. तो पिण्याने नाही, सोडण्याने आजारी पडला होता.

पैसे वहिनीने बांगड्या मोडून भरले. पण माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. रुग्णालयातल्या विम्याच्या खिडकीवरच्या माणसाने तिला हळूच, चांगल्या मनाने, सांगितलं होतं की नुसतं 'फिट' लिहून आणलं असतं तर झालं असतं. वर्षभराने भाऊ पुन्हा पिऊ लागला होता आणि जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं. या वेळी वहिनी दारूबद्दल अक्षर बोलली नाही. दाखल केल्यापासून दारू अर्थातच बंद. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या रात्री तो बरळू लागला, नळ्या उपटू लागला. डॉक्टरांना वाटलं, पडताना डोक्याला मार लागला असावा. स्कॅन, मेंदूच्या डॉक्टरांना बोलावणं, यात अख्खा दिवस गेला. शेवटी वहिनीनेच रडत रडत खरं सांगितलं. तो वाचला. "ताई, मागच्या वेळी खरं बोललो तर काय मिळालं?" असं तिने मला विचारलं. मी तिला काय उत्तर देणार होते? बाराव्या कलमाने तिला जे शिकवलं, तेच ती वागली.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ, कारण ते सगळेच टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा: हा आजार त्याने स्वतःच ओढवून घेतला, त्याचा भार इतरांच्या हप्त्यांवर का? ऐकायला रास्त वाटतं. पण विमा मग अर्धा बंदच करावा लागेल. पथ्य न पाळणाऱ्या मधुमेह्याचा पाय कापायची वेळ येते तेव्हा आपण त्याने खाल्लेले पेढे मोजत नाही. तळकट खाऊन, बैठं काम करून, रक्तदाबाची गोळी चुकवून हृदयविकार झालेल्याची अँजिओप्लास्टी होते आणि विमा पैसे देतो. द्यावेतच. 'स्वतःच ओढवून घेतलं' ही कसोटी फक्त दारूबाजालाच लावली जाते. एचआयव्हीबाबतही एके काळी हेच बोललं जायचं. २०१७ च्याच एचआयव्ही कायद्याने विम्यातल्या अशा भेदभावाला चाप लावला. मग दारूवरच हा राग का?

दुसरा मुद्दा: व्यसन पुन्हा पुन्हा उलटतं, कंपनीने किती वेळा पैसे द्यायचे? दमाही उलटतो. मधुमेह तर जन्माचा सोबती. जुनाट आजार म्हणजे हेच असतं. शिवाय खर्चाला आवर घालायची हत्यारं विमाक्षेत्राकडे भरपूर आहेत. मोतीबिंदूला आणि हर्नियाला ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो, काही उपचारांना रकमेची मर्यादा असते, आधीपासूनच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं. यांपैकी जे लावायचं ते व्यसनालाही लावा. 'त्याच धर्तीवर' या शब्दांचा अर्थ तोच आहे. मर्यादा घालणं वेगळं आणि दारच बंद करणं वेगळं.

तिसरा मुद्दा: लोक व्यसन लपवून पॉलिसी घेतात. घेतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या बाजूने निकाल दिला. विमेदाराने वर्षानुवर्षांचं मद्यपान अर्जात सांगितलं नव्हतं. खोटी माहिती देऊन केलेला करार टिकू नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण जिथे खरं सांगणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, तिथे लपवाछपवी वाढणारच. व्यसन आहे असं सांगितलं तर हप्ता थोडा वाढेल, दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, पण नंतर उपचार मिळतील, असं असेल तर माणूस सांगेल. आज त्याला सांगून काय मिळतं?

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार: व्यसनमुक्तीच्या नावाखाली चालणारी कित्येक केंद्रं म्हणजे कोंडवाडे आहेत, तिथे मारहाण होते, विम्याचे पैसे त्यांच्या घशात का घालायचे? मुळीच घालू नयेत. २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आरोग्य आस्थापनांची नोंदणी सक्तीची आहे. विमा कंपनीने फक्त नोंदणीकृत जागीच पैसे द्यायचे ठरवलं, तर पैशांच्या मागे केंद्रं नोंदणीकडे येतील. सरकारी तपासनिसाला वर्षानुवर्षं जमलं नाही ते काम बिलाची एक अट करील. आज उलटं आहे. पॉलिसीत रुग्णालयाची व्याख्या पाहा. रुग्णालय म्हणून नोंदणी नसेल, तर ठरावीक खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर यांच्याबरोबर स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटरही असावं लागतं. व्यसनमुक्ती केंद्राने ऑपरेशन थिएटरमध्ये कापायचं काय?

या सगळ्या हिशेबात भूक किती मोठी आहे आणि ताटात किती पडतं, तेही सांगायला हवं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'च्या व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली; तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू पिणारे सुमारे १६ कोटी. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाखांहून अधिक. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसला तरी उपचार मिळालेला, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. विमा दिला तर लोकांची झुंबड उडेल, अशी भीती घालणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. फुकट खाट मिळते म्हणून कोणी दारुडा होत नाही.

विम्याने झटकलेलं हे ओझं आपल्याकडे कोणी उचललं? पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा आधार होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चेन्नईला टी. टी. रंगनाथन यांच्या नावाची संस्था १९८० पासून हेच काम करते आहे. अशा संस्थांविषयी आदर आहेच. पण एका आजाराचे उपचार साहित्यिकांच्या औदार्यावर आणि देणगीदारांच्या चेकवर चालावेत, याचा आपण अभिमान किती दिवस बाळगायचा? मोतीबिंदूचं शिबिर असतं, पण मोतीबिंदूला विमाही असतो.

सरकारी योजनाही याच खोड्यात अडकली आहे. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारांच्या यादीत नशेच्या पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आणि वर्तनविषयक आजारांचं पॅकेज आहे. चांगली गोष्ट. पण योजनेने वगळलेल्या गोष्टींत व्यसनी रुग्णांचं पुनर्वसन आहे. म्हणजे आठ-दहा दिवस शरीरातलं विष उतरवायला पैसे, पण पुढचे महिने, ज्यांत माणूस खरा बरा होतो, ते त्याचे त्याने पाहावेत. आणि हे तेच सरकार, ज्याच्या राज्यघटनेतलं कलम ४७ नशाबंदीसाठी प्रयत्न करायला सांगतं, आणि ज्याच्या राज्यांनी दारू जीएसटीच्या बाहेर ठेवून घेतली, कारण उत्पादनशुल्काची आणि व्हॅटची ही दुभती गाय कोणाला सोडवत नाही. प्रत्येक बाटलीमागे आधी वसुली झालेली असते. पिणाऱ्याने कर भरलेला असतो, हप्ताही भरलेला असतो. आजारी पडला की मात्र तो दुर्वर्तनी.

हे एवढं सहज का खपतं, याचं एक उत्तर आपल्या शब्दांत आहे, असं मला वाटतं. लग्नाच्या जाहिरातीत आपण 'निर्व्यसनी' असं लिहितो; 'निरोगी'च्या शेजारी, पण वेगळा शब्द म्हणून. रोग शरीराला होतो, व्यसन चारित्र्याला लागतं, अशी ही वाटणी आहे. 'एकच प्याला'तला सुधाकर आणि त्याच दशकात, १९१७ मध्ये, बंगालीत पुस्तकरूपाने आलेला शरद्‌बाबूंचा देवदास, दोघंही पिऊन मेले आणि आपण शंभर वर्षं त्यांच्यासाठी रडलो. त्यांच्या वेळी वैद्यकाकडे त्यांना देण्यासारखं फारसं नव्हतं. आज औषधं आहेत, समुपदेशन आहे, स्वतंत्र विभाग आहेत. नाटकाचा पडदा कधीच पडला, पण पॉलिसी लिहिणारा अजून तिसऱ्या अंकातच बसला आहे.

आणि शब्दाचाच जुना अर्थ काढायचा तर फार मागे जाता येईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. तिथे व्यसन म्हणजे संकट, राज्यावर येणारी आपत्ती. राजाचं मद्यपान आणि द्यूत त्याच अधिकरणात आहेत, आणि आग, पूर, रोग, दुष्काळ, साथ हेही त्यातच आहेत. कौटिल्य काही मवाळ माणूस नव्हता. तरी त्याला दारू आणि पूर एकाच शब्दाखाली ठेवताना अडचण वाटली नाही, कारण दोन्हींनी घर बुडतं आणि दोन्हींसाठी आधीच तरतूद करावी लागते. विमा म्हणजे आणखी काय असतं?

अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून मानसिक आजार आणि व्यसन यांच्या विमासंरक्षणाला शारीरिक आजारांच्या बरोबरीने बसवलं, २०१० च्या कायद्याने व्यसनोपचार हा आवश्यक लाभांत धरला. तिथेही कंपन्या 'वैद्यकीय गरज नाही' म्हणत दावे नाकारतात आणि भांडणं चालूच आहेत. कायदा झाला की सगळं झालं, असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे कायदा झालेला आहे. २०१८ मध्ये नियामकाने कंपन्यांना त्याचं पालन करायला सांगितलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रुग्णाच्या मानसिक आजाराचा दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीला पैसे द्यायला लावले. कायद्याचं कलम १२० तर सांगतं की हा कायदा इतर कायद्यांवर वरचढ राहील. जिथे कायदेही वाकतात, तिथे नियामकाची एक मार्गदर्शक सूचना ताठ कशी उभी राहते?

म्हणून मागणं तीन ओळींचं आहे. बारावं कलम काढा. ते एकदम जमत नसेल, तर 'आणि त्यांचे परिणाम' हे शब्द आज काढा. आणि नोंदणीकृत मानसिक आरोग्य आस्थापनेत झालेला व्यसनोपचार, प्रतीक्षाकाळ आणि रकमेची मर्यादा लावूनच का होईना, विम्यात घ्या.

तोवर ज्यांच्या घरी हे चाललं आहे, त्यांच्यासाठी थोडं. डॉक्टरांपासून काही लपवू नका. जीव विम्याहून मोठा आहे. दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. दारूचा नुसता उल्लेख आहे, की आजार दारूमुळेच झाला असं डॉक्टरांचं लेखी मत आहे, ते पाहा. नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. अर्जात कलम २१(४) आणि मानसिक आजाराची व्याख्या, दोन्ही लिहा. करारातली संदिग्ध भाषा तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचली जाते, हे जुनं तत्त्व आहे, तेही लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. वहिनीचा अर्ज आम्ही तसाच लिहिला आहे, निकाल अजून यायचा आहे.